ढोलामागचा कॉर्नेट

डोंबिवलीच्या वसंता फणसेबद्दल मला काही चांगलं लिहायचं नव्हतं. पण संपादकांनी धंद्यातल्या आठवणी मागितल्या, आणि माझ्या धंद्यातली सांगण्याजोगी जी गोष्ट आहे तिच्यात हा माणूस मधोमध उभा आहे. त्याला वगळून लिहून पाहिलं. दोन पानं झाली. ती वाचून आमच्या मंडळी, म्हणजे आमची बायको, म्हणाल्या, "अहो, पण यात वसंतरावभाऊजी कुठेच नाहीत!" तेव्हा नाइलाज म्हणून त्याच्यासकट लिहितो आहे.

माझं ठाण्याला जांभळी नाक्याच्या अलीकडे रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्तीच्या जोडीला लग्नामुंजींना लाउडस्पीकर भाड्याने देत असे. हे दोन्ही धंदे पोटाचे. तिसरा होता तो हौसेचा, आणि त्याची पाटी दुकानावर नव्हतीच. तो घरी चालायचा, नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत. मी लोकांचे आवाज भरून ठेवत असे.

आज घराघरांत टेपरेकॉर्डर आहेत, त्यामुळे यात विशेष ते काय, असं कुणालाही वाटेल. मी सांगतोय ते दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या आठ-दहा वर्षांतलं. लष्कराचा जुना माल तेव्हा ढिगाने विकायला निघे. त्याला आम्ही डिस्पोजलचा माल म्हणायचो. त्या ढिगात मला एक तारेचं यंत्र मिळालं. टेप नव्हे, तार. केसासारखी बारीक पोलादी तार एका रिळावरून दुसऱ्या रिळावर जाते, मध्ये एक चुंबक असतो, तो तिच्यात आवाज भरतो. तार तुटली तर दोन टोकांची गाठ मारायची आणि पुढे जायचं. गाठ चुंबकावरून गेली की 'टक्' असा आवाज येई. आणि रीळ हातातून निसटलं तर खोलीभर जो गुंता व्हायचा तो सोडवण्यापेक्षा संन्यास घेणं सोपं. ते यंत्र आणलं तेव्हा मुकं होतं. त्याचे जळके व्हॉल्व्ह बदलून, मोटर उलगडून, मी त्याला बोलतं केलं. मुलगा पहिल्यांदा 'बाबा' म्हणाला तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता, असं मंडळी अजून ऐकवतात.

माइक एकच. तोही डिस्पोजलचाच. आमच्या पुढच्या खोलीत पाळण्याची कडी होती, पाळणा काढला की तिला मी माइक टांगायचो. भिंतींना गोधड्या, खिडकीला गादी. शेजारी पिठाची गिरणी होती. ती चालू झाली की आमच्याकडचं व्हॉल्टेज उतरे आणि मोटर मंद पडे. गिरणी चालू असताना भरलेलं गाणं गिरणी बंद असताना लावलं की गवयाचा आवाज बाईमाणसासारखा चढायचा. म्हणून आमचं सगळं काम दुपारी, गिरणीवाला जेवायला गेला की.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक कीर्तनकारबुवा आले. गावोगाव हजारो लोकांना डोलवणारा माणूस, पण माझ्या खोलीत रिकाम्या भिंतीपुढे त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी मंडळींनी आळीतल्या बायका गोळा करून आणल्या, त्यांना दाटीवाटीने बसवलं, आणि मग बुवा असे रंगले की तार संपली तरी थांबेनात. बायकांनाही उठवेना. नौपाड्यातल्या एका काकूंनी परदेशी निघालेल्या मुलासाठी ओव्या भरून घेतल्या. ओव्या भरल्यावर लक्षात आलं की मुलाच्या हाती रीळ दिलं तरी तिकडे तो ते वाजवणार कशावर? ते यंत्र फक्त माझ्याकडे. त्यामुळे रीळ इथेच राहिलं, आणि मुलाची आठवण आली की काकूच ते ऐकायला यायच्या. माझ्या गिऱ्हाइकांचं असंच होतं. आवाज भरायला एकदा यायचे आणि ऐकायला वर्षभर. सोबत पाहुणे. मंडळींचा चहा-साखरेचा खर्च माझ्या कमाईपेक्षा जास्त होता, पण मला मिरवायला मिळायचं. सबंध ठाण्यात असं यंत्र चालवणारा मी एकटा, असं मी मानत होतो, आणि मला कुणी खोटं ठरवलं नव्हतं.

वसंता तेव्हा रेल्वेच्या कचेरीत कारकून होता.

आम्ही दोघं एकाच दुकानात एकाच मालकाच्या हाताखाली रेडिओचं काम शिकलो. हात माझा चांगला. हे मी म्हणत नाही, मालक म्हणायचे. वसंताचं सोल्डरिंग म्हणजे चिमणीने शिटल्यासारखं. तो दीड वर्षात कंटाळला, परीक्षा देऊन रेल्वेत चिकटला, डोंबिवलीला स्टेशनजवळ बिऱ्हाड केलं, आणि रेडिओ त्याची रविवारची हौस झाली. मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. मग बोटीवर नोकरीला असलेल्या त्याच्या मेहुण्याने त्याला परदेशातून टेपरेकॉर्डर आणून दिला.

तो मी पहिल्यांदा पाहिला ती संध्याकाळ मला स्वच्छ आठवते. तपकिरी पेटी, हस्तिदंती रंगाची बटणं, दाबली की 'खट्' असा भरदार आवाज. आणि मधोमध एक हिरवा डोळा. आवाज वाढला की त्याची पापणी मिटत येते, कमी झाला की उघडते. किती भरायचं, किती नाही, ते यंत्रच सांगतं. मी हे सगळं इतकी वर्षं कानाने करत होतो. वसंता म्हणाला, "गजा, बघ ना, हा डोळा पूर्ण मिटू द्यायचा नाही, बस. बाकी काही कळावंच लागत नाही." तो हे साध्या मनाने म्हणाला. वसंता सगळंच साध्या मनाने म्हणतो, हा त्याच्यातला सर्वांत असह्य गुण आहे.

आम्ही दोघं घरी निघालो. मंडळी म्हणाल्या, "आवाज किती स्वच्छ होता नाही? तुमच्या तारेत ते कढी उकळल्यासारखं येतं, तसं काहीच नव्हतं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जो हात मालकांनी नावाजला त्याच्या वाट्याला भंगार, आणि चिमणीच्या शिटेला हिरवा डोळा.

आता काशीमास्तर. काशिनाथ भोईर हे खाडीपलीकडचे, कळव्याचे. त्यांचा लग्नातला बँड होता. माणसं सगळी गावातलीच, भावकीतली. पावसात शेती, एरवी मिठागरावर काम, आणि तुळशीचं लग्न लागलं की अंगात लाल कोट. मास्तर स्वतः कॉर्नेट वाजवत. कॉर्नेट म्हणजे आखूड पितळी तुतारीसारखं वाद्य, तीन बटणांचं. मी लग्नांना लाउडस्पीकर घेऊन जायचो तेव्हा त्यांचा बँड कित्येकदा तिथे असे. वरात अजून दोन गल्ल्या दूर असायची आणि तो कॉर्नेट ऐकू यायचा. बाळकूम, कोलशेत, कळवा, कुठल्याही मांडवातली म्हातारी माणसं म्हणायची, "काशी आला." नवरदेव आला असं कुणी म्हणत नसे.

एका वर्षी दिवाळी झाल्यावर मास्तर माझ्या दुकानात आले. वाद्य सोबत नव्हतं. तोंडात लवंग धरलेली.

"शेट, तुमचे त्या तारेन आमचा बँड भरता येल क?" दुकान असल्यामुळे ते मला शेट म्हणत.

मी म्हटलं, "येईल की. पण आत्ताच का?"

त्यांनी ओठ वर करून दाखवला. पायोरिया. हिरड्या सुजलेल्या, पुढचे दात बोट लावलं तर हलतील असे. "दाताचा डाक्टर बोलला, सगले काढायचे. नायतर रक्तान इख पसरंल. मना बोलला, कवळी लावून देतू. कवळीवर भाकर खाता येतं शेट, कारनेट नाय वाजत. त्याला दात लागतान. सोताचे."

हे खरं होतं. कॉर्नेटचं तोंड ओठांवर दाबून धरावं लागतं, आणि ओठांना मागून टेका दातांचा. दात गेले की ओठ आत जातो आणि सूर धरत नाही. मास्तर तेव्हा पन्नाशीच्याही आतले. तुळशीच्या लग्नाआधी दात काढायचे होते.

"एकदा भरून ठेवा," ते म्हणाले. "मंग काढतू."

मी तिथल्या तिथे हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मास्तरांच्या दातांपेक्षा आधी मला वसंता आठवला. डोंबिवलीच्या हिरव्या डोळ्याने आत्तापर्यंत काय भरलं होतं? त्याच्या मुलीच्या कविता आणि सासऱ्यांचं रामरक्षा स्तोत्र. मी आख्खा बँड भरणार होतो. दोन खोल्यांत, एका माइकवर.

धंद्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. माइक एकच असला की कुणाचा आवाज किती यावा हे बटणाने ठरत नाही, ते माणसाने कुठे उभं राहायचं यावर ठरतं. ज्याचा आवाज बारीक तो माइकजवळ, ज्याचा मोठा तो लांब. एवढंच शास्त्र. पण आठ-नऊ वाजवणाऱ्यांसाठी ते बसवताना घाम फुटतो. मी खडूने जमिनीवर खुणा केल्या. क्लॅरनेटवाले दोघे पाळण्याच्या कडीखाली. पोटाशी धरायचा मोठा बाजा उंबऱ्यावर बसवला. ताशा स्वयंपाकघरात, त्यावर मंडळींची जुनी शाल. मोठा ढोल मागच्या अंगणात, गोधडी गुंडाळून. झांजवाल्याला विहिरीशी पाठवला. आणि सगळ्यांत मोठा, सगळ्यांत चिरत जाणारा आवाज कॉर्नेटचा. त्याची खूण मी ढोलाच्याही मागे, न्हाणीच्या दगडाजवळ केली. तोंड भिंतीकडे.

मास्तर लाल कोट घालून आले होते. सगळेच कोट घालून आले होते. माझ्या घरात त्यांना बघणारं कुणी नव्हतं, तरी बटणं घासून लखलखीत केलेली. मी एकेकाला जागा दाखवली. शेवटी मास्तरांना अंगणात नेलं.

ते खुणेकडे बघत राहिले. "हितं? ढोलाचे मागं?"

"मास्तर, तुमचा आवाज सगळ्यांत मोठा. पुढे उभे राहिलात तर बाकीचे कुणी ऐकूच येणार नाहीत. आणि तार फाटल्यासारखी वाजेल."

"आनि तोंड मोरीकडं?"

"भिंतीवर आपटून आवाज मऊ होतो."

मास्तरांनी कोटाची बटणं चाचपली. त्यांचा जावई, बाळाराम, जो दुसरा कॉर्नेट वाजवायचा आणि ज्याला मी त्या दिवसापुरतं वाजवू नको म्हटलं होतं, तो मात्र बोलला, "मामा, बँडचा मास्तर कदी ढोलाचे मागं चाललाय क?" मास्तरांनी त्याला हाताने गप्प केलं. मला शेट म्हणाले होते, पाहुणे म्हणून घरी आले होते, मंडळींच्या हातचा चहा प्यायले होते. ते खुणेवर जाऊन उभे राहिले. मी सांगितलं, "निम्म्या दमाने वाजवा." त्यांनी मान हलवली.

गिरणी थांबली. मी यंत्र सुरू केलं. एक चाल भरली. कानाला हेडफोन लावून मी ऐकत होतो, आणि सांगतो, ते काम उत्तम झालं होतं. क्लॅरनेट स्पष्ट, बाजा गोल, ढोल मऊ, आणि मागून कॉर्नेट, कुणाच्या डोक्यावर न बसता, जिथे असायला हवा तिथे. एका फुटक्या माइकवर एवढा तोल त्या वेळी मुंबईच्या स्टुडिओतही सहज मिळाला नसता. माझ्या डोळ्यांपुढे वसंताचा चेहरा होता.

दुसऱ्या चालीसाठी मी खूण केली तर अंगणातून काही येईना. मागे गेलो. मास्तर कॉर्नेट पिशवीत घालत होते.

"मास्तर, अजून रीळभर तार आहे."

"ऱ्हाऊ द्या शेट. तुमी लय मेहनत केली." मग जरा थांबून म्हणाले, "नवऱ्याचे घोऱ्याला कोनी वरातीचे मागं बांधतंय क?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी समजावलं, शास्त्र सांगितलं, झालेली चाल लगेच ऐकवतो म्हटलं. तेवढ्यात गिरणीवाला जेवून परतला आणि पट्टा फिरायला लागला. ऐकवणं राहून गेलं. सगळे कोट सांभाळत, खुणा पुसत निघून गेले.

मला वाटलं, दोन दिवसांत परत येतील. दात तर काढायचेच होते, आणि यंत्र तर माझ्याकडेच होतं. म्हणजे, माझ्याकडेच नव्हतं.

पुढच्या रविवारी वसंता दुकानात हजर. चेहऱ्यावर तोच साधा आनंद. "अरे गजा, तुझे काशीमास्तर माझ्याकडे आले होते! कुणाकडून तरी माझ्या यंत्राचं ऐकलं होतं त्यांनी. काय वाजवतो रे माणूस! मी आख्खा बँड टेप केला. संध्याकाळी वहिनींना घेऊन ये, ऐकवतो."

तुझे काशीमास्तर. मी सोल्डरिंगचं गरम टोक बोटाला लावून घेतलं.

संध्याकाळी गेलो. न जाऊन काय केलं असतं, घरी बसून तडफडलो असतो. गाडीत मी मंडळींना समजावत होतो की कॉर्नेट माइकपुढे घेतला तर टेप फाटणार म्हणजे फाटणारच, आणि वसंताला जागा लावायची अक्कल नाही, त्यामुळे नुसता कल्लोळ असणार. मंडळी खिडकीबाहेर बघत होत्या. "तुम्हाला तसंच व्हायला हवंय का?" त्यांनी विचारलं. मला तसंच व्हायला हवं होतं.

वसंताने टेप लावली. हिरवा डोळा उघडला.

आधी नुसते कावळे. मग कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. कुठलीशी बाई "अगं शांते, ये लवकर, बँड आला" म्हणाली. मी मनातल्या मनात हसलो. हे असलं काम. आणि मग खूप लांबून, इतक्या लांबून की आधी मला वाटलं बाहेर खरंच कुणी वाजवतंय, काशीमास्तरांचा कॉर्नेट आला.

तो एकटाच आला. बाकीचे अजून ऐकूच येत नव्हते. मग हळूहळू त्याच्या मागून ढोलाची धडक, मग ताशा, मग क्लॅरनेट. जवळ येत गेले. डोळ्याची पापणी मिटत आली. कॉर्नेट अगदी खिडकीखाली आला तेव्हा आवाज थोडा फाटला, मी ते मनात टिपून ठेवलं, पण तो फाटला त्याच क्षणी माझ्या हातावर काटा उभा राहिला. मग तो पुढे निघून गेला, मागून बाजा गेला, ढोल गेला, आणि सगळे दूर दूर जाताना शेवटी परत एकटा कॉर्नेटच उरला.

मंडळी डोळे पुसत होत्या.

"हे कसं केलंस?" मी विचारलं.

"मी काही केलंच नाही रे," वसंता म्हणाला. "मला कुठे तुझ्यासारखं कळतंय? मी मास्तरांना विचारलं, तुम्ही नेहमी कसे वाजवता? ते म्हणाले, चालत. म्हटलं, मग चाला. माइक खिडकीत टांगला. ते मारुतीच्या देवळापासून निघाले आणि पार शेतापर्यंत गेले. मास्तर पुढे, बाकीचे मागे, जसे वरातीत असतात तसे. मास्तरांनी सांगितली ती तुझी खुणांची पद्धत शास्त्रशुद्ध. मला ती जमलीच नसती."

त्याने कष्ट घेतले असते, रात्री जागवल्या असत्या, तर मी सोसलं असतं. याने फक्त विचारलं होतं. मी मास्तरांना एक शब्द विचारला नव्हता, सगळं सांगितलंच होतं. परतताना मी म्हटलं, डोंबिवलीला रस्ते रिकामे, दोन्ही बाजूंना शेतं, म्हणून जमलं. ठाण्यात टांगे, हातगाड्या, जमलं नसतं. मंडळी म्हणाल्या, "हो ना." त्यांनी इतक्या पटकन मान्य केलं की मला आणखीच झोंबलं.

मास्तरांनी दात काढले. तुळशीच्या लग्नानंतर कोलशेतच्या एका मांडवात मी लाउडस्पीकर लावायला गेलो तेव्हा बँडच्या पुढे बाळाराम होता. मास्तर कडेने चालत होते, कोट घालून, हात मोकळे. मांडवातलं कुणी "काशी आला" म्हणालं नाही. मला त्यांच्याकडे बघवेना, मी तारा जोडत राहिलो.

आणि ती टेप गाजली. डोंबिवलीहून कुणी दुरुस्तीला रेडिओ आणला की विचारायचा, "फणसेंकडचा बँड ऐकलात का?" कल्याणची माणसं मुद्दाम ऐकायला जात. वसंताकडे आता चहा-साखरेचा खर्च व्हायला लागला आणि माझ्याकडे फक्त ओव्यावाल्या काकू उरल्या. माझ्या चालीत तोल किती आहे हे मी गिऱ्हाइकांना ऐकवून दाखवायचो. ते ऐकायचे, "वा" म्हणायचे आणि आपला रेडिओ कधी मिळेल ते विचारायचे.

पुढच्या वर्षी वसंताचं यंत्र बिघडलं. आतलं रबरी चाक झिजलं होतं, टेप अडखळत चाले. त्याने ते पोत्यात गुंडाळून माझ्याकडे आणलं, बँडच्या टेपसकट. "तुझ्याशिवाय कुणाच्या हातात देऊ?" म्हणाला. परदेशी चाक इथे कुठलं मिळायला? मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला, चाकावर चढवला आणि कानशीने घासून गोल केला. ते काम आठवडाभर चाललं. चाल सारखी आली का हे बघायला टेप पुनःपुन्हा लावावी लागे. ती टेप जगात सर्वांत जास्त मी ऐकली आहे, वसंतापेक्षाही. दर वेळी कॉर्नेट खिडकीखाली यायचा आणि दर वेळी मला वाटायचं, हे माझ्या हातून का नाही झालं?

यंत्र माझ्या टेबलावर असतानाच काशीमास्तर घरी आले. ते टेप ऐकायला डोंबिवलीला गेले होते, तिथे कळलं यंत्र ठाण्याला आहे. कवळी त्यांना लागत होती म्हणून ती खिशात. गाल आत गेलेले. मंडळींनी चहा दिला, तो बशीत ओतून ते हळू प्यायले.

"ऐकवता क शेट?"

मी टेप लावली. ते खुर्चीवर बसले नाहीत. उभेच राहिले, आणि कॉर्नेट लांबून आला तसे मान किंचित हलवू लागले. "आता मारुतीचा देऊल," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "हितं चिखल होता, बाळारामचा पाय घसरला." कॉर्नेट जवळ आला. "हितं दात हालला. रक्त आलता तोंडान." ते पुसल्यासारखा हात ओठांवरून फिरवत होते. कॉर्नेट खिडकीखाली आला तेव्हा त्यांची तीन बोटं हवेत बटणं दाबत होती. सगळा बँड दूर निघून जाईपर्यंत ते तसेच उभे होते. टेप संपून रीळ फडफडायला लागलं, मी बंद केलं.

मग ते म्हणाले, "तुमची पन लावा ना. तुमची ऐकलीच नाय मी."

मला लावायची नव्हती. पण मनात कुठेतरी अजून आशा होती. वाटलं, हा वाजवणारा माणूस आहे, सुरांचा जाणकार आहे, तोल म्हणजे काय ते याला कळेल. कावळे नाहीत, सायकल नाही, प्रत्येक वाद्य आपापल्या जागी. एकदा याने मान्य केलं की पुरे. मी तारेचं यंत्र काढलं, रीळ चढवलं.

मास्तर आता बसले. लक्ष देऊन ऐकत होते. क्लॅरनेट ऐकून "आमचा तुकाराम" म्हणाले. बाजा ऐकून हसले. ढोल आला तेव्हा मांडीवर बोट आपटलं. एका ठिकाणी गाठ 'टक्' वाजली तेव्हा दचकले. मग भुवया जवळ आणून पुढे वाकले आणि मागचा कॉर्नेट ऐकत राहिले. चाल संपली.

"चांगली हाय," ते म्हणाले. मग यंत्राकडे बोट दाखवून विचारलं, "मागं यो कारनेट कोन वाजवतंय?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. ते खरंच उत्तराची वाट बघत होते. मंडळी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी मान खाली घातली.

"आहे एक," मी म्हटलं. "कळव्याचाच."

"बरा वाजवतंय," मास्तर उठता उठता म्हणाले. "पन भितंय. त्याला बोला, जरा फुडं उभा ऱ्हा."

वसंता अजून डोंबिवलीलाच आहे. निवृत्त झाला, तब्येत ठणठणीत आहे, दर दिवाळीला फराळाला येतो. ही गोष्ट मी त्याला कधी सांगितली नाही, आता इथे वाचेल. तेव्हा सांगितली असती तर तो मला हसला नसता. त्याला माझ्यासाठी मनापासून वाईट वाटलं असतं, आणि ते मला सहन झालं नसतं.